पद्मिनीला कुठलं ऑइल? आधी इंजिन बघा, मग डबा

जुनी प्रीमियर पद्मिनी हौसेनं घेतलेली पोरं दुकानात आली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काका, सगळ्यात भारी ऑइल कुठलं?" मी उलट विचारतो, "कुणासाठी भारी?" मग ते शेल्फावरच्या सगळ्यात महाग डब्याकडे बोट दाखवतात. त्यावर ५डब्ल्यू-३० नाहीतर ०डब्ल्यू-२० छापलेलं असतं, फुल सिंथेटिक असतं. ऑइल उत्तमच असतं, त्यात वाद नाही. फक्त ते ज्या इंजिनासाठी बनवलंय ते तुमच्या बॉनेटखाली नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरला खेटून आमचं स्पेअर पार्टचं दुकान. आता काउंटर मुलगा बघतो, मी बाजूच्या खुर्चीवर बसून सल्ले देतो. माझी स्वतःची १९८६ ची पद्मिनी अजून चालती आहे. त्यामुळे इथं लिहितोय ते पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवून. अँबेसेडरवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी इंजिनाची ओळख करून घ्या. पद्मिनी म्हणजे कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० डी. तिच्या १०८९ सीसी इंजिनाचं मूळ थेट १९३७ च्या फियाट ५०८ सी पर्यंत जातं. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये, त्यावर सपाट बुडाचे टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड आणि वर रॉकर. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत कॅमवर रोलर फिरतो. इथं लोखंड लोखंडावर घासत जातं, आणि दोघांच्या मध्ये काय असतं तर तुम्ही ओतलेल्या ऑइलचा पडदा. शिवाय आतल्या फटी आजच्या इंजिनांपेक्षा मोकळ्या, आणि पन्नास-साठ हजार किलोमीटर पळालेल्या गाडीत त्याहून मोकळ्या. पातळ ऑइल अशा फटींतून निसटतं, दाब धरत नाही.

आता डब्यावरचे आकडे. २०डब्ल्यू-५० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, थंडीतली चाल. २०डब्ल्यू ऑइल शून्याखाली १५ अंशांवर इंजिन फिरू देतं का, हे तपासूनच तो शिक्का मिळतो. आपल्याकडं कोल्हापुरात पारा दहाच्या खाली आला तरी पेपरात बातमी येते. तेव्हा महाराष्ट्रात कुठंही, अगदी जानेवारीत महाबळेश्वरलाही, पहिल्या आकड्याची चिंता करायचं कारण नाही. १५ असला काय नि २० असला काय, गाडी सुरू होणार. जी सुरू होत नाही तिची बॅटरी नाहीतर ठिणगीचे पॉइंट बघा.

आपल्या कामाचा तो दुसरा आकडा. इंजिन तापल्यावर, १०० अंशांवर, ऑइल किती जाड राहतं ते तो सांगतो. सेंटिस्टोक हे त्या जाडीचं माप. ३० ग्रेडचं ऑइल तिथं ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये बसतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ मध्ये आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ मध्ये. म्हणजे चांगल्या स्थितीतल्या पद्मिनीला ४० पुरतं आणि घाट, उन्हाळा, वय यांचा हिशेब धरला तर ५० बरं. ३० नको. २० चा विषयच नको.

४० की ५०, हे तुमची गाडीच सांगते. डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा लाल दिवा असतो तो बघा. सकाळी थंड इंजिनावर तो सगळ्यांचाच झटकन विझतो, तेव्हा काहीच कळत नाही. गाडी पन्हाळ्यापर्यंत चढवा. चढ संपला, इंजिन चांगलं तापलं, की न्यूट्रलला टाकून आयडलवर सोडा आणि दिव्याकडे बघत बसा. दिवा मेल्यासारखा काळा राहिला तर २०डब्ल्यू-४० वर खुशाल चालवा. फडफडायला लागला आणि ॲक्सिलरेटरला जरा हात लावल्यावर विझला, तर २०डब्ल्यू-५० टाकून परत तीच परीक्षा घ्या. ५० टाकूनही फडफडतोय तर आधी खरा प्रेशर गेज जोडून दाब मोजा, कारण कधीकधी स्विचच खराब असतो. दाब खरंच कमी निघाला तर बहुधा क्रँकची बेअरिंगं गेली आहेत, ऑइलवर भागणार नाही. तिथं ऑइल घट्ट करायची बाटली ओतून दिवा विझवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. विझतो दिवाच, झीज चालूच राहते.

एरवीही एक साधा प्रेशर गेज बसवून घ्याच. दिवा म्हणजे घरात पाणी शिरल्यावर वाजणारी घंटा.

मग अक्षरं. डब्याच्या मागच्या बाजूला एपीआय एसएल, एपीआय एसएन असं काहीतरी बारीक छापलेलं असतं. एपीआय म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकी संस्था. 'एस' म्हणजे पेट्रोल इंजिन, 'सी' म्हणजे डिझेल. एसच्या पुढचं अक्षर जितकं पुढचं, तितका नियम नवा: एसएफ १९८० चा, एसजे १९९६ चा, एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. कितीतरी जुन्या गाडीवाल्यांच्या डोक्यात बसलंय की आपल्या गाडीच्या काळातलं एसएफच पाहिजे, पुढचं सगळं घातक. ही भीती कुठून आली ते सांगतो, कारण तीत अर्धं खरं आहे.

टॅपेट आणि कॅम यांच्यातली घसट सोसायला ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन घालतात. त्याचं नाव लांबलचक आहे, सगळे झेडडीडीपी म्हणतात. दाब आणि उष्णता वाढली की ते तिथल्या तिथं फुटून धातूवर काचेसारखा पातळ थर धरतं. लोखंडाऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. इथवर सगळं छान. पण हा फॉस्फरस जळून धुरातून गेला, की सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नासवतो. आपल्याकडं १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. जगभर तसे नियम आले तशी ऑइलमधल्या फॉस्फरसला कात्री लागली. एसजेच्या वेळी कमाल ०.१० टक्के, एसएमपासून ०.०८ टक्के. त्याच सुमारास अमेरिकेतल्या जुन्या, कडक स्प्रिंगच्या मोठ्या व्ही-८ इंजिनांचे कॅम खराब होण्याच्या तक्रारी वाढल्या आणि "नवं ऑइल जुन्या इंजिनाचं वाटोळं करतं" हे वाक्य जगभर फिरलं.

पुढची गोष्ट मात्र फार कमी लोक सांगतात. फॉस्फरसची ती वरची मर्यादा पातळ ग्रेडना आहे, म्हणजे ज्यांचा दुसरा आकडा २० किंवा ३० आहे त्यांना. २०डब्ल्यू-४० नि २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. म्हणजे योग्य जाडीचं ऑइल घेतलं की जस्ताचा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो. त्यात पद्मिनीचं इंजिन चाळीस-बेचाळीस घोड्यांचं, व्हॉल्व्ह स्प्रिंग नरम. व्ही-८ वाल्यांची झोप उडाली म्हणून आपली उडायचं कारण नाही. एसएल किंवा एसएन दर्जाचं, नावाजलेल्या कंपनीचं मिनरल २०डब्ल्यू-५० घ्या आणि गप पडा. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, तुमच्या गावात जे खात्रीनं अस्सल मिळतं ते. यातल्या एकाची बाजू घेऊन भांडणारे लोक माझ्या बाकड्यावर रोज येतात, त्यांना चहा पाजून पाठवतो.

डब्यावर एपीआयचं गोल चिन्ह असेल तर त्याच्या खालच्या कमानीत डोकावा. तिथं इंधन वाचवणारं, 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असं काही लिहिलं असेल तर तो डबा परत ठेवा. आपल्याकडच्या पुष्कळ डब्यांवर हे गोल चिन्हच नसतं, नुसती अक्षरं असतात. ते चालतं.

वेगळी जस्ताची बाटली आणून ओतायची का? नको. ठरावीक प्रमाणापलीकडे ते रसायन फायद्याऐवजी तोटा करतं, आणि डब्यात आधीच किती आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.

बाईकचं फोर-टी ऑइल टाकलं तर चालेल का, हे दर महिन्याला कुणीतरी विचारतं. २०डब्ल्यू-४० असतं, कोपऱ्यावर मिळतं, स्वस्त पडतं. बाईकचा क्लच ऑइलात बुडालेला असतो म्हणून त्या ऑइलला जेएएसओ एमए या जपानी मानकाचा शिक्का लागतो, आणि त्या नियमात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवायला सांगितलंय. म्हणजे टॅपेटच्या दृष्टीनं वाईट नाही. रस्त्यात अडलात, लेव्हल खाली गेली आणि दुसरं काही मिळत नाही, तर खुशाल टाका. पण पद्मिनीचा क्लच कोरडा, त्यामुळे तो शिक्का आपल्या काही कामाचा नाही. कायमचं वापरायचं कारण मला दिसत नाही.

डिझेलचं १५डब्ल्यू-४० हा जरा गुंतागुंतीचा विषय. ट्रकवाल्यांकडचं सीआय-४ ऑइल जुन्या पेट्रोल गाड्यांत टाकणारे जाणकार आहेत. त्यात झीज रोखणारं रसायन भरपूर असतं आणि बऱ्याच डब्यांवर पेट्रोलचा एसएल शिक्काही सोबत असतो. अडचण आहे ती त्यातल्या साफसफाई करणाऱ्या रसायनांची. जी गाडी वर्षानुवर्षं कुठल्याही सुट्या ऑइलवर चालली, तिच्यात हे टाकलं की साचलेला गाळ सुटतो आणि खाली ऑइल साठतं त्या चेंबरमधल्या, पंपाच्या तोंडाच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी बुजली की पंप काय ओढणार?

म्हणून नवी घेतलेली जुनी गाडी असेल तर ऑइल निवडायच्या आधी टॅपेट कव्हर उघडा. काम दहा मिनिटांचं आहे. बुचाचं पॅकिंग फाटेल, नवं आणून ठेवा. कव्हर उलटं करून आतल्या बाजूनं बोट फिरवा. बोटाला तपकिरी, पातळ ऑइल लागलं आणि खालचं लोखंड दिसलं, तर आधीच्या मालकाला दुवा द्या आणि कुठलंही बरं ऑइल टाका. बोटाला काळा, दाट, तव्याच्या बुडासारखा थर आला, नखानं खरवडावा लागला, तर चेंबर खाली उतरवून जाळी साफ करून घ्या, मग साधं मिनरल २०डब्ल्यू-५० टाका आणि पहिलं ऑइल हजार किलोमीटरच्या आत बदला. पुढचं दोन हजारांत. हळूहळू निघू दे. इंजिनात रॉकेल किंवा डिझेल ओतून चालू करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला नमस्कार करा. एवढ्या पातळ द्रवावर बेअरिंगं कशावर तरंगणार, हे त्याला विचारा.

सिंथेटिकबद्दल. सिंथेटिकनं इंजिन खराब होत नाही. जुन्या पॅकिंग-सीलांच्या कडेला बसलेली घाण मात्र ते धुऊन काढतं आणि आधी बंद असलेली गळती उघडी पडते. ज्या गाडीखाली रात्री पसरलेल्या पेपरवर सकाळी थेंबांची रांगोळी असते, तिच्यात महागडं ऑइल ओतणं म्हणजे पैसे फरशीवर ओतणं. इंजिन नुकतं बांधलेलं, सगळी सीलं नवी, आणि हौस असेल तर २०डब्ल्यू-५० सिंथेटिक टाका, कोण नाही म्हणतंय. शनिवार-रविवारी चालणाऱ्या गाडीला पैशाचा मोबदला मिळेल असं मात्र मला वाटत नाही.

नव्यानं बांधलेल्या इंजिनाचं वेगळं आहे. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर बसवताना त्यांना असेंब्लीचं घट्ट वंगण लावलेलं असलं पाहिजे, मेकॅनिकला उभं राहून विचारा. पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलवर सोडून चहाला जाऊ नका. या इंजिनात कॅमला बरंचसं ऑइल क्रँकच्या उडण्यानं मिळतं, मंद आयडलवर ते पोचत नाही. वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवा, पाण्याच्या तापमानावर डोळा ठेवा. साधं मिनरल ऑइल, पाचशे किलोमीटरला काढून टाका. पिस्टनच्या रिंगा बसेपर्यंत सिंथेटिक नको.

आता डिपस्टिक. लेव्हल बघायला सगळे ती ओढतात, वास कुणी घेत नाही. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाला लागलेला असतो आणि कॅमशाफ्ट त्याला हलवतो. आतला रबरी डायफ्राम फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि जुन्या काळचं रबर त्याच्यासाठी बनलेलंच नव्हतं. म्हणून हल्ली या तक्रारी माझ्याकडं जास्त येतात. ऑइल न टाकता लेव्हल वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. डिपस्टिक नाकाशी न्या. पेट्रोलचा वास येत असेल तर एक थेंब कागदी नॅपकिनवर सोडा. चांगल्या ऑइलचा डाग जागच्या जागी राहतो आणि सावकाश पसरतो. पेट्रोल मिसळलेल्याचा डाग बघता बघता पसरतो आणि कडेला पातळ, फिकट वर्तुळ उमटतं. अशा वेळी जगातलं कुठलंही २०डब्ल्यू-५० तुमच्या इंजिनात २०डब्ल्यू-५० राहिलेलं नसतं. आधी डायफ्राम बदला, इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा मागा, मग ऑइल. चोक ओढून मैलोगणती चालवणाऱ्यांच्या आणि कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल सोडेल असा ठेवलेल्यांच्या गाडीतही थोड्या प्रमाणात हेच होतं.

फिलर कॅपच्या आत दुधाळ साय दिसली तर ते पाणी. पावसाळ्यात महाद्वार रोडवरून भाजी आणण्यापुरती गाडी काढली की इंजिन पुरतं तापत नाही आणि ओल आतच राहते. एक लांब चक्कर मारा, साय गेली तर प्रश्न मिटला. परत आली आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर हेड गॅस्केट बघा.

धुराचंही ऐका. रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी निळा धूर एकदाच सोडला आणि मग साफ झाली, तर व्हॉल्व्ह गाईड. चढावर जोर लावताना सतत निळा धूर, तर रिंगा. हजार किलोमीटरला अर्धा लिटर खाणारी पद्मिनी मी निभावून नेईन. लिटरभर खायला लागली की ऑइलची जात बदलून उपयोग नाही.

बदलायचं कधी? चालवली तर तीन ते चार हजार किलोमीटरला, नाही चालवली तरी वर्षातून एकदा. मी दिवाळीच्या आधी बदलतो. पावसाळ्यात ऑइलमध्ये ओल आणि आम्ल साठलेलं असतं, ते घेऊन गाडी हिवाळाभर उभी ठेवू नये. इंजिन कोमट असताना, सपाट जागेवर ड्रेन बोल्ट सोडा. बोल्टाखालचा वॉशर दर वेळी नवा घाला, पाच-दहा रुपयांसाठी वर्षभर थेंब कशाला बघायचे? फिल्टरही सोबतच. भरताना वरच्या खुणेच्या जरा खाली थांबा, पाच मिनिटं जिरू द्या, मग परत बघा. खुणेच्या वर भरलं की मागच्या सीलातून वाट काढणारच. मधे टॉप-अप करायला दुसऱ्या कंपनीचं त्याच ग्रेडचं ऑइल चालतं, ऑइलं एकमेकांत मिसळतील अशीच बनवावी लागतात.

डबा शक्यतो कंपनीच्या पंपावरून किंवा ओळखीच्या डीलरकडून घ्या आणि सील समोर फोडा. रिकामा झाला की त्याला स्क्रू-ड्रायव्हरनं दोन भोकं पाडूनच भंगारात द्या. चांगल्या अवस्थेतले रिकामे डबे नकली माल भरणाऱ्यांना हवेच असतात. काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. सेंटरिंगवाले प्लेटांना लावायला ते मागतात, पण ते पुढं मातीत आणि कामगारांच्या हातावरच जातं. ते घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि वापरलेलं ऑइल अधिकृत रिसायकलरकडे पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. आमच्या दुकानामागं त्यासाठी एक निळं पिंप आहे, आणून ओतलंत तर पैसे मिळणार नाहीत, चहा मिळेल.